फोटोत मी अशी का दिसते?

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत माझ्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. दहा बाय बाराची जागा. मागे निळा पडदा, एक लाकडी स्टूल, छत्र्या लावलेले दोन दिवे, आणि दाराशी केस विंचरायला एक आरसा. आरशाखाली सुतळीने बांधलेला कंगवा. शाळा सुटली की मी काउंटरमागे बसून गृहपाठ करायचे. त्यामुळे एक वाक्य माझ्या कानांवरून शेकडो वेळा गेलं आहे. गिऱ्हाईक पाकिटातून पासपोर्ट साइजचे फोटो बाहेर काढायचं, क्षणभर बघायचं आणि म्हणायचं, "हा मी वाटत नाही हो."

सोबत आलेली बायको, आई किंवा मित्र लगेच डोकवायचे. "वाटत नाही काय? हुबेहूब आलाय!"

बाबा दोघांपैकी कुणालाच खोटं पाडायचे नाहीत. पण एकदा त्यांच्या हातून चूक झाली आणि त्या चुकीने मला या विषयाचं वेड लावलं. डार्करूममध्ये एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून पेपरवर फोटो उमटवणाऱ्या यंत्राला, निगेटिव्ह लावताना तिची मॅट बाजू खाली, पेपरकडे ठेवायची असते. त्या दिवशी घाईत ती वर राहिली आणि सगळे फोटो उलटे छापले गेले. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. गिऱ्हाईक होते बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, दरवेळी फोटोबद्दल कुरकुरणारे. त्यांनी पाकीट उघडलं आणि चेहरा खुलला. "या वेळी छान काढलात!" त्यांच्या पत्नी मात्र फोटो हातात धरून बघतच राहिल्या. "काहीतरी चुकतंय. हे असे नाही दिसत." मग त्यांना सापडलं: शर्टाचा खिसा उजवीकडे गेला होता. बाबांनी माफी मागून दुसऱ्या दिवशी सुलटे फोटो फुकट दिले. गृहस्थांनी ते घेतले, पण जाताना म्हणाले, "ते आधीचेही असू देत माझ्याकडे."

स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. मी आता ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात ऐरोलीहून माझी भाची आली, स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि बायोडेटाला लावायला फोटो निवडायचे होते. फोनमधले साठ-सत्तर फोटो एकामागून एक सरकवून झाल्यावर तिने फोन उशीवर टाकला. "मावशी, आरशात मी चांगली दिसते गं. मग फोटोत अशी का दिसते? खरी कोणती मी?"

तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. सुरुवात आरशापासून, कारण बहुतेकांची पहिली गफलत तिथेच होते.

आरसा डावं-उजवं उलटं करतो असं आपण शाळेपासून म्हणत आलो. मग तो डोकं खाली आणि पाय वर का करत नाही? काचेला डावं-उजवं आणि वर-खाली यांतला फरक कळतो थोडाच! समजा, ठाण्यातल्या एका घरात उत्तरेच्या भिंतीवर आरसा आहे आणि तुम्ही त्याच्यासमोर उभे आहात. उजव्या हाताला, पूर्वेला, खाडी. डाव्या हाताला, पश्चिमेला, येऊरचे डोंगर. उजवा हात वर करा. आरशातही खाडीच्याच बाजूचा हात वर जाईल. येऊरची बाजू येऊरकडेच, डोकं वर, पाय खाली. यातलं काहीच बदललेलं नाही. बदललं आहे ते एवढंच, की तुमचं तोंड उत्तरेला, माजिवड्याकडे आहे आणि आरशातल्या माणसाचं दक्षिणेला, मुलुंडकडे. आरसा पुढचं-मागचं उलटं करतो. आपल्या मनाला मात्र समोर उभा असलेला माणूस वळून आपल्याकडे तोंड केलेला वाटतो, आणि वळलेल्या माणसाचा उजवा हात तर येऊरकडे असायला हवा. तो खाडीकडे दिसतो, म्हणून आपण ठरवतो की बाजू बदलल्या.

पटत नसेल तर प्लॅस्टिकच्या पारदर्शक फाइलवर मार्करने आपलं नाव लिहा आणि तुम्हाला वाचता येईल अशी ती आरशासमोर धरा. आरशातही नाव सरळच वाचता येतं. कागदावर लिहिलं तर उलटं दिसतं, कारण आरशाला दाखवण्यासाठी कागद तुम्हीच फिरवलेला असतो. घोडबंदर रोडवर मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला अक्षरं उलटी लिहिलेली असतात ती याच हिशेबाने, पुढच्या गाडीवाल्याला आपल्या आरशात ती सुलट दिसावीत म्हणून.

कारण काहीही असलं तरी परिणाम असा, की आरशातला चेहरा आणि जगाला दिसणारा चेहरा हे एकमेकांच्या उलट असतात. कॅमेरा समोर उभ्या माणसासारखा बघतो, म्हणून तो जगाची बाजू दाखवतो. चेहरा दोन्हीकडून अगदी सारखा असता तर याने काही बिघडलं नसतं. पण कुणाचाच तसा नसतो. एक भुवई जरा वर असते, नाक एका बाजूला किंचित झुकलेलं असतं, हसताना ओठाचा एक कोपरा आधी उचलला जातो, भांग एका बाजूला असतो. आणि यात एक हिशेब लपलेला आहे, जो माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडतो. समजा नाकाचा शेंडा मधल्या रेषेपासून दोन मिलिमीटर सरकलेला आहे. रोजच्या आरशात तो दोन मिलिमीटर उजवीकडे दिसतो आणि तेच तुमच्या मनात "मध्यभागी" म्हणून बसलेलं असतं. फोटोत तो दोन मिलिमीटर डावीकडे दिसतो. म्हणजे तुमच्या ओळखीच्या जागेपासून तब्बल चार मिलिमीटर दूर. चेहऱ्यातला प्रत्येक बारीक तिरकेपणा तुम्हाला, आणि फक्त तुम्हालाच, असा दुप्पट होऊन दिसतो. इतरांनी तुम्हाला नेहमी त्याच बाजूने बघितलेलं असतं, म्हणून त्यांना त्यात वावगं काही दिसत नाही.

बाबांच्या हातून चुकून झालेला प्रयोग अमेरिकेत मुद्दाम करून बघितला गेला आहे. थिओडोर मिटा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1977 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी इथल्या विद्यार्थिनींचे फोटो काढून त्यांच्या सुलट आणि उलट अशा दोन्ही प्रती दाखवल्या. स्वतःचा फोटो निवडताना विद्यार्थिनींचा कल आरशासारख्या, म्हणजे उलट प्रतीकडे होता. त्यांच्या मैत्रिणींचा आणि प्रियकरांचा कल सुलट प्रतीकडे. का विचारलं तर लोक उजेड, डोकं कललेलं असणं अशी काहीतरी कारणं देतात, पण दोन्ही प्रतींत उजेड आणि डोकं एकच असतं. खरं कारण सवय. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते. तिच्याकडून काही फायदा व्हायला हवा असं नाही. त्याने अर्थ नसलेले शब्द आणि चिनी अक्षरांसारखी चिन्हं दाखवून हे तपासलं होतं. आपण तर आपला उलटा चेहरा रोज सकाळी दात घासताना बघतो, वर्षानुवर्षं.

बँकेतल्या त्या गृहस्थांना आयुष्यात पहिल्यांदा आपला ओळखीचा चेहरा कागदावर मिळाला होता. त्यांच्या पत्नीला तो अनोळखी वाटला. त्यांचं भांडण सौंदर्याचं नव्हतंच.

भाचीला हे पटवायला मी गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतले तिचे फोटो उघडायला सांगितले. राम मारुती रोडवर नऊवारी, नथ आणि गॉगल घालून काढलेले. मराठी बाईच्या फोटोत सुलट-उलट ओळखायला फार सोपी खूण असते. पदर डाव्या खांद्यावर असतो आणि नथ डाव्या नाकपुडीत. मैत्रिणीने काढलेल्या फोटोंत दोन्ही जागच्या जागी होते. तिने स्वतः काढलेल्या काही सेल्फींत मात्र पदर उजव्या खांद्यावर गेला होता. तिला आवडलेले चारही फोटो या उजव्या पदराचे निघाले. ती दोन मिनिटं काही बोलली नाही.

सेल्फीचा हा घोळ फोननेच केलेला असतो. समोरच्या कॅमेऱ्याने फोटो काढताना पडद्यावर चेहरा आरशासारखा दिसतो, नाहीतर मान डावीकडे करायची तर आपण उजवीकडे करू. पण बटण दाबल्यावर काही फोन चित्र सुलटं करून साठवतात आणि काही तसंच उलटं ठेवतात. बऱ्याच फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये हे बदलता येतं. व्हिडिओ कॉलवरही आपल्याला आपण उलटे दिसतो आणि समोरच्यांना सुलटे. फोटोग्राफीच्या जन्माच्या वेळीसुद्धा असंच होतं. 1839 मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झालेली डागेरोटाइप पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट चित्र उमटवायची, निगेटिव्ह नसायचीच, आणि ते चित्र आरशासारखं उलटं यायचं. पुढे आलेल्या, लोखंडी पत्र्यावर थेट उमटणाऱ्या टिनटाइपचंही तेच. अमेरिकेतला बंदूकबाज बिली द किड डावखुरा होता असं लोक कित्येक वर्षं मानत होते, कारण त्याच्या प्रसिद्ध टिनटाइपमध्ये पिस्तूल डाव्या कमरेला दिसतं.

आता आणखी एक गंमत, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. चेहरा बघताना आपण त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा मान देत नाही. चेहरे ओळखण्याच्या कामात मेंदूचा उजवा अर्धा भाग पुढे असतो, आणि डोळ्यांसमोरच्या दृश्याची डावी बाजू आधी त्याच भागात पोचते. म्हणून बहुतेक लोक समोरच्याचा चेहरा "वाचतात" तो प्रामुख्याने आपल्या डाव्या हाताला पडणाऱ्या अर्ध्या भागावरून. समोरासमोर उभं असताना हा भाग म्हणजे तुमचा उजवा गाल, उजवा डोळा. आरशात मात्र तुमच्या डाव्या हाताला तुमचाच डावा गाल असतो. म्हणजे आयुष्यभर तुम्ही स्वतःला डाव्या गालावरून ओळखत आलात आणि जग तुम्हाला उजव्या गालावरून. भाचीची खळी डाव्या गालावर आहे. तिला आरशात आधी खळी दिसते. आम्हाला आधी तिची उजवी भुवई दिसते, तिच्या आजोबांसारखी वर चढलेली. ते आम्हाला फार प्रिय आहे आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

इथवर बाजूंचं झालं. त्याहून मोठा फरक पाडतं ते अंतर, आणि माझ्या मते सेल्फीमुळे येणाऱ्या निम्म्या तरी दुःखाचं मूळ इथे आहे.

गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर आरशावर वाफ धरली की एक डोळा मिटून आपल्या चेहऱ्याची कड बोटाने आरशावरच गिरवून बघा. वीतभर लांब चेहऱ्याचं चित्र बरोबर निम्मं भरतं. मागे सरका, पुढे या, ते निम्मंच राहतं. कारण आरशातला चेहरा काचेवर नसून काचेच्या तितकाच मागे असतो, जितके तुम्ही तिच्या पुढे असता. पन्नास सेंटिमीटरवर उभं राहिलं तर तुम्ही स्वतःला एक मीटरवरून बघत असता. आरसा अंतर आपोआप दुप्पट करतो.

फोन हातात धरला की उलट होतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण 12 सेंटिमीटर मागे असतात. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 42 सेंटिमीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, तेव्हा कानांच्या मानाने नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट, चाळीस टक्के मोठं उमटतं. कॅमेरा 150 सेंटिमीटरवर नेला तर कान 162 वर, आणि तोच फरक आठ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सर्जन बोरिस पास्कोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये याचं गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने एक फुटावरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाक बारीक करून घ्यायला येणारे लोक पुरावा म्हणून सेल्फी दाखवायला लागले होते, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. लोक आपल्या नाकावर सुरी चालवून घ्यायला तयार होते, आणि दोष होता हाताच्या लांबीचा.

बाबांचं स्टूल कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर असायचं. जमिनीवर रंगाने खूण केलेली होती आणि कुणी स्टूल पुढे ओढलं तर ते गप्पपणे उठून मागे सारायचे. त्यांनी याचं गणित कधी मांडलं नसेल, पण त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं अंतर बरोबर होतं. यात लोक लेन्सला दोष देतात, पण चेहऱ्याची ठेवण ठरते ती अंतरावर. लेन्स फक्त त्या अंतरावरून किती भाग चौकटीत घ्यायचा ते ठरवते. फोनची नेहमीची लेन्स बराच रुंद भाग घेते, म्हणून चौकट भरायला आपण जवळ जातो, आणि जवळ गेलो की नाक पुढे येतं.

रुंद लेन्सचा दुसरा त्रास मात्र खरोखर तिचाच. सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या बाया दरवेळी जाड्या दिसतात. रुंद दृश्य सपाट चित्रावर पसरताना कडेचा भाग बाहेरच्या बाजूला ताणला जातो. चेंडू कडेला ठेवला तर तोही अंड्यासारखा दिसतो. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करून फोटो काढला की कडेच्या बायकांवरचा अन्याय बराच कमी होतो. कृपा करून एवढं तरी करा.

उजेडाबद्दल थोडक्यात. घरातल्या आरशासमोर दिवा बहुधा समोरून किंवा जरा वरून येतो आणि चेहरा भरून टाकतो. भर दुपारी काढलेल्या फोटोत किंवा उंच टॉवरच्या लिफ्टमध्ये, जिथे दिवे थेट डोक्यावर असतात, भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची सावली ओठावर. डोळे सावलीशी जुळवून घेतात, कॅमेरा तेवढं घेत नाही. तलावपाळीवर संध्याकाळी सूर्य कलल्यावर काढलेले सगळ्यांचेच फोटो बरे येतात ते उगाच नाही.

उरलं काळाचं. फोटो सेकंदाचा शंभरावा, कधी पाचशेवा भाग उचलतो. चेहरा मात्र सतत हलत असतो. बोलताना, हसू येताना, पापणी मिटताना तो अशा कितीतरी अवस्थांतून जातो ज्या प्रत्यक्षात कुणाच्या लक्षातही येत नाहीत. डेव्हिड व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये लोकांचे बोलतानाचे व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओंतल्या सुट्या चौकटी लोकांना दाखवल्या. तोच माणूस, तोच क्षण. तरी व्हिडिओतला चेहरा चौकटींपेक्षा अधिक छान ठरला. आपण माणसांकडे हलत्या चेहऱ्यातून बघतो आणि मन त्या सगळ्या हालचालींचा एक मेळ घालतं. फोटो त्यातला एकच कण वेगळा काढून हातावर ठेवतो.

आरशासमोर तर आपण आणखी एक गोष्ट करतो, ती नकळत. स्वतःला बघताक्षणी हनुवटी जरा खाली, मान किंचित कलती, गाल आत, डोळे मोठे. आरशात न आवडणारा चेहरा दिसला तर पाव सेकंदात तो आपण दुरुस्त करून टाकतो. फोटोत ती संधी नसते. म्हणजे आरशातला चेहरा उलटा तर असतोच, शिवाय तो फक्त आपल्यासाठी तयार केलेला असतो. मी दुसऱ्या कुणाशी बोलताना कशी दिसते हे आरशाने मला आजवर कधीच दाखवलेलं नाही, कारण आरशासमोर मी फक्त स्वतःलाच बघत असते.

आपल्या आवाजाचंही असंच आहे. व्हॉट्सअॅपवर आपलाच निरोप ऐकला की तो परका वाटतो. बोलताना आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून कानांत पोचतो आणि हाडं त्याला जडपणा देतात. इतरांना फक्त हवेतला ऐकू येतो. आरसा आपल्यासाठी त्या हाडांसारखा आहे.

हे सगळं झालं प्रकाशाचं आणि डोळ्यांचं. आता मनाकडे येऊ. शिकागो विद्यापीठाचे निकोलस एप्ली आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एरिन व्हिटचर्च यांनी 2008 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या फोटोंत संगणकावर सुंदर चेहऱ्याचं थोडं थोडं मिश्रण करून एक मालिका तयार केली, आणि उलट दिशेने कुरूप करत नेलेलीही. मग विचारलं, यातला खरा तुमचा कोणता? लोकांनी निवडला तो जरासा सुंदर केलेला. मित्राचा फोटो ओळखतानाही तसंच झालं. अनोळखी माणसाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. मला यात अहंकार दिसत नाही. ज्यांच्यावर माया असते त्यांचा चेहरा आपण मनात थोडा उजळ करून ठेवतो, आणि त्या यादीत आपणही असतो.

पण याचाच अर्थ असा, की स्वतःचा फोटो स्वतः निवडणं हे काम आपल्याला नीट जमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हे ओळखपत्राच्या दृष्टीने तपासलं. लोकांना आपलेच दहा फोटो दिले आणि आपल्यासारखे कोणते आहेत ते क्रमाने लावायला सांगितलं. तोच क्रम अनोळखी माणसांनाही लावायला सांगितला, ज्यांनी त्यांना फक्त एका छोट्या व्हिडिओत बघितलं होतं. अनोळखी माणसांनी निवडलेले फोटो चेहरा जुळवायला जास्त उपयोगी ठरले. आयुष्यभर स्वतःला बघितलेला माणूस हरला आणि मिनिटभर बघितलेला जिंकला.

हे वाचलं तेव्हा मला बाबांची एक सवय आठवली. पाकीट तयार झालं की ते आधी सोबतच्या माणसाच्या हातात द्यायचे, ज्याचा फोटो त्याच्या हातात कधीच नाही. मी एकदा विचारलं होतं. "ज्याचा फोटो त्याला त्यातलं काही कळत नाही," एवढंच म्हणाले होते.

एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते आणि ती इथे सांगायला हवी. ब्यूटी मोड लावलेला, डोळे मोठे आणि नाक लहान केलेला चेहरा फोनच्या पडद्यावर रोज बघितला तर झायोंकचा नियम त्यालाही लागू होतो. सवय त्या चेहऱ्याची होते आणि मग आरसासुद्धा परका वाटायला लागतो. माझ्या वर्गातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींत हे मला दिसतं. बहुतेकांच्या बाबतीत ते वयाबरोबर ओसरतं. पण कुणी तास न् तास आरशासमोर चेहऱ्यातल्या एकाच उणिवेकडे बघत बसत असेल, ती लपवण्यासाठी कॉलेजला, लग्नकार्याला जाणं टाळत असेल, दहा जणांनी समजावूनही पटत नसेल, तर ते नटण्याचं वेड समजून रागावू नका. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर नावाचा हा आजार आहे, शंभरात साधारण दोघांना होतो, आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या दिवशी भाचीला मी शेवटी एक प्रयोग करून दाखवला. दोन सपाट आरसे उघड्या पुस्तकासारखे बरोबर काटकोनात जोडले. मधल्या सांध्यात बघितलं की प्रकाश दोन्ही आरशांवर एकेकदा आपटून परत येतो, एका आरशाने उलटं केलेलं दुसरा सुलटं करतो, आणि आपण जगाला जसे दिसतो तसे दिसतो. टी-शर्टवरची अक्षरंही सरळ वाचता येतात. तिने त्यात बघून टिकली सरळ करायला हात उचलला आणि बोट दुसऱ्याच बाजूला गेलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकलं. मग हात खाली घेऊन ती नुसती बघत राहिली. हसून बघितलं, मान हलवून बघितली. "भुवई," ती म्हणाली. "आजोबांची भुवई आहे ही."

त्यानंतर साठ-सत्तर फोटो मी आधी तिच्या आजीला दाखवले आणि संध्याकाळी, आजीने काय निवडलं ते न सांगता, तिच्या मैत्रिणीला. दोघींचं बोट एकाच फोटोवर थांबलं. चुलतभावाच्या हळदीत, मांडवाच्या दाराशी, कुणीतरी आठ-दहा फुटांवरून झूम करून काढलेला. ती कुणाशी तरी बोलता बोलता हसते आहे, केस थोडे विस्कटलेत, पदर डाव्या खांद्यावर. भाचीने तो पहिल्याच फेरीत बाजूला काढला होता.

बायोडेटाला तोच लावला आहे. तिला तो अजून आवडलेला नाही. पण झायोंकची गोष्ट तिच्या डोक्यात राहिली असावी, कारण जाताना तिने तोच फोटो फोनच्या वॉलपेपरला लावला. महिनाभराने विचारणार आहे.